वॉकर बहिणींचं ओंडक्यांचं घर (ग्रेट स्मोकी माउंटन्स, टेनेसी)

आडवाट

मागच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन स्मोकीजला जाऊन आले. अटलांटाहून चारेक तासांचा रस्ता. पानं रंगायचे दिवस, त्यामुळे केड्स कोव्ह या दरीतल्या अकरा मैलांच्या फेरीच्या रस्त्याला गणपतीतल्या लालबागसारखी गर्दी. पुढे कुणाला तरी अस्वल दिसलं आणि मागे आम्ही सगळे पाऊण तास जागच्या जागी. बाबा म्हणाले, "अस्वल बघायला आलोय की गाड्यांचे नंबर?" म्हणून दुसऱ्या दिवशी मुद्दाम कमी गर्दीची जागा शोधली, आणि तिच्यापायी हा धागा.

मेटकाफ बॉटम्स म्हणून लिटल रिव्हरकाठी पिकनिकची जागा आहे. तिथून पायवाटेने पाऊण मैलावर लिटल ग्रीनब्रायरची १८८२ ची शाळा लागते: ओंडक्यांची, एका खोलीची, बाजूला छोटी दफनभूमी. ही शाळा १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत भरत होती, आणि देवळाचं कामही तीच करायची. तिच्यापुढे आणखी मैलभर कच्च्या रस्त्याने, ओढ्याच्या कडेकडेने चढत गेलं की झाडी उघडते आणि मोकळवणात एक घर उभं दिसतं. दगडी धुरांडं, फळकुटांनी शाकारलेलं छप्पर, पुढे पडवी. हे वॉकर बहिणींचं घर.

कथा थोडक्यात अशी. मुख्य घर अमेरिकन यादवी युद्धाच्या आधीचं, मार्गारेट किंग हिच्या माहेरचं. तिचं लग्न १८६६ साली जॉन वॉकरशी झालं. जॉन युद्धात उत्तरेकडून लढलेला, कैदेत राहून आलेला. लांब दाढीमुळे गावात त्याला 'हेअरी जॉन' म्हणत. त्यांना अकरा मुलं झाली, सात मुली आणि चार मुलगे. त्या काळात, त्या डोंगरात, अकराच्या अकरा मोठी झाली! आईला झाडपाल्याची औषधं चांगली ठाऊक होती म्हणतात. मुलगे लग्नं करून बाहेर पडले. मुलींपैकी एकट्या कॅरोलाइनचं लग्न झालं. बाकी सहा जणी, मार्गारेट, पॉली, मार्था, नॅन्सी, लुईझा आणि हेटी, घरातच राहिल्या. बाप १९२१ मध्ये गेला. धाकट्या भावाने आपला वाटा बहिणींच्या नावे करून दिला. १९३१ मध्ये नॅन्सी गेली आणि पाच उरल्या.

मग आलं नॅशनल पार्क. १९३४ मध्ये ते रीतसर स्थापन झालं आणि आजूबाजूची गावं एकेक करून उठली. या पाच जणी हलल्या नाहीत. शेवटी जमीन सक्तीने ताब्यात घेण्याची कारवाई डोक्यावर आली, तेव्हा १९४० च्या सुमारास त्यांनी सुमारे १२३ एकर ४,७५० डॉलरला दिले. अट एकच: मरेपर्यंत आम्ही इथेच राहणार. सरकारने ती मान्य केली. शेवटची लुईझा १९६४ मध्ये गेली. १९७६ मध्ये घराची डागडुजी झाली आणि त्याच वर्षी ते राष्ट्रीय ऐतिहासिक यादीत गेलं.

घरापाशी आता तीनच वास्तू आहेत: घर, मक्याची कणगी आणि झऱ्यावरचं छोटं खोपटं. आईने मुख्य घराकडे ओझरतं बघितलं आणि सरळ त्या झऱ्याच्या खोपटाकडे गेली. आत झऱ्याचं पाणी खेळवलेलं असतं, त्यात दुधाची-लोण्याची भांडी ठेवायची म्हणजे उन्हाळ्यातही थंड राहतात. आईने वाकून पाण्यात हात घातला. "फ्रीज गं हा त्यांचा," म्हणाली, आणि बराच वेळ हात काढलाच नाही.

फोटो रात्री टाकते. अजून कुणी गेलंय का तिथे?

चिमणचारा

सुंदर! आम्ही दोनदा स्मोकीजला गेलो आणि दोन्ही वेळा गॅटलिनबर्ग गावातल्या पॅनकेकच्या दुकानांत आणि डॉलीवूड या करमणुकीच्या पार्कमध्ये अडकलो. याचा पत्ताच नव्हता. फोटोंची वाट बघतेय.

गवंडीकाम

धाग्याबद्दल आभार. घर बघितलेलं आहे, म्हणून जरा बांधकामाबद्दल लिहितो. इथे लोक 'लॉग केबिन' म्हटलं की गोल ओंडके डोळ्यांपुढे आणतात. स्मोकीजमधली जुनी घरं तशी नाहीत. तिथे ओंडके दोन बाजूंनी तासून सपाट केलेले असतात. आधी कुऱ्हाडीने खाचा पाडत जायचं, मग रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने खाचांमधलं लाकूड सोलून काढायचं. भिंतीवर बोट फिरवलंत तर ते तिरपे घाव अजून लागतात. लाकूड बहुधा ट्यूलिप पॉप्लरचं, कारण ते झाड सरळसोट वाढतं आणि तासायला मऊ असतं.

खरी गंमत कोपऱ्यात आहे. त्या भागातल्या घरांत बहुधा ज्याला हाफ डव्हटेल म्हणतात तो सांधा असतो. ओंडक्याच्या टोकाची वरची बाजू बाहेरच्या अंगाला उतरती कापायची, आणि त्यावर बसणाऱ्या ओंडक्याचा खालचा भाग तिला जुळता. वरचं वजन जितकं जास्त तितका सांधा आवळत जातो. खिळा लागत नाही. पावसाचं पाणी उतारावरून बाहेर गळतं, सांध्यात साचत नाही, म्हणून कोपरे कुजत नाहीत. दीडशेहून जास्त वर्षं घर उभं आहे ते या उतारामुळे (आणि छप्पर शाबूत ठेवल्यामुळे; छप्पर गेलं की ओंडक्यांचं घर काही पावसाळ्यांचंच सोबती).

दार-खिडक्यांचंही एक ऐका. आधी चारी भिंती सलग रचतात, मग दार हवं तिथे करवत चालवतात. आपल्याकडे आधी चौकट उभी राहते, पूजा होते. इथे चौकट शेवटी.

पडवीतला_झोपाळा

@गवंडीकाम, दोन ओंडक्यांच्या मधल्या फटी कशाने भरतात? फोटोत पांढरट पट्टे दिसतात.

गवंडीकाम

चिखल-माती, मध्ये दगडाच्या किंवा लाकडाच्या ढलप्या. दर एक-दोन वर्षांनी कुठे ना कुठे सुटतोच, मग पुन्हा लिंपायचं. तरी वारा घुसतो. म्हणून आतून भिंतींना वर्तमानपत्रं आणि मासिकांची पानं डकवायचे. वॉकर बहिणींच्या घराच्या जुन्या फोटोंत आतल्या भिंती अशाच छापील कागदांनी भरलेल्या दिसतात. आजोळी फडताळात कागद अंथरायचे तसं, फक्त इथे अख्खी भिंत.

आपल्या कुडाच्या भिंतीशी लोक तुलना करतात, पण ती जुळत नाही. कुडात कारवीच्या काठ्यांचा सांगाडा आणि माती-शेणाचं लिंपण, भार खांबांवर. इथे भिंत हाच खांब.

सडाफटिंग

माफ करा, पण थोडा विरजणाचा थेंब टाकतो. पार्कच्या पाट्यांवर, माहितीपत्रकांत सगळीकडे 'पायोनियर', 'पायोनियर'. हे आद्य वसाहतकार कुठल्या रिकाम्या जागी आले होते? ही चेरोकी या मूळ अमेरिकन लोकांची भूमी. केड्स कोव्हचंच बघा. जॉन ऑलिव्हर तिथे १८१८ मध्ये आला. ती दरी चेरोकींकडून करारान्वये गेली १८१९ मध्ये. म्हणजे हा माणूस कराराच्या आधीच ठाण मांडून बसला होता. आणि गंमत म्हणजे पहिल्या हिवाळ्यात चेरोकींनी दिलेल्या सुकवलेल्या भोपळ्यावर ते कुटुंब जगलं, असं त्यांच्याच कुटुंबात सांगत आले. १८३८ मध्ये चेरोकींना लष्कर लावून पश्चिमेला हाकललं. त्या वाटेवर हजारो मेले. आता भोपळा देणाऱ्यांचं घर कुठाय बघायला?

आडवाट

@सडाफटिंग, विरजण चालेल, दही लागतंच. मुद्दा बरोबर आहे. थोडी भर घालते: सगळे गेले नाहीत. काही जण डोंगरात राहिले, काहींकडे स्वतःच्या नावावर जमिनी होत्या. त्यांचे वंशज आज पार्कच्या दक्षिण सीमेवर, नॉर्थ कॅरोलायनात क्वाला बाउंडरी या त्यांच्या मुलखात आहेत, 'ईस्टर्न बँड ऑफ चेरोकी' या जमातीच्या नावाने. त्यांचं स्वतःचं संग्रहालय चेरोकी गावात आहे. आम्ही तिसऱ्या दिवशी तिकडे गेलो होतो, त्यावर वेगळं लिहायला हवं.

पण वॉकर बहिणींना मी 'पायोनियर' म्हटलेलं नाही, बघा. त्या तिथे जन्मलेल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतल्या शेतकरी बायका. त्यांना 'पायोनियर' केलं ते नंतर आलेल्यांनी.

पुस्तकी_किडा

हेच लिहायला आलो होतो. केड्स कोव्हमध्ये पार्क आलं तेव्हा काय होतं माहितेय का? बरीचशी घरं फळ्यांची, रंग दिलेली, दुमजली, त्या काळाच्या मानाने अगदी साधी मध्यमवर्गीय होती. पार्कने यातली बरीचशी पाडली आणि ओंडक्यांची जुनी घरं ठेवली. त्यामुळे आज त्या फेरीच्या रस्त्यावर फिरताना वाटतं की १९३० मध्येही लोक १८३० सारखे राहत होते. जतन करताना काय पाडलं जातं तेही इतिहासच असतं, पण त्याची पाटी नसते.

ओंडक्यांच्या घराचं हे प्रेम अमेरिकेत जुनं आहे. १८४० च्या निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसनने लॉग केबिन हे आपलं निवडणूक चिन्हच करून टाकलं आणि राष्ट्राध्यक्ष झाला. हा गृहस्थ जन्मला होता व्हर्जिनियातल्या मळेवाल्याच्या विटांच्या वाड्यात! आपल्याकडच्या 'मी गरिबाघरचा' भाषणांची आठवण आली तर योगायोग समजावा.

आणि केंटकीतल्या हॉजनव्हिलचं लिंकनचं जन्मघर. संगमरवर आणि ग्रॅनाइटचं देवळासारखं स्मारक, छप्पन्न पायऱ्या, आत गाभाऱ्यात ओंडक्यांची झोपडी. लिंकन १८०९ चा. २००४ मध्ये ओंडक्यांची वर्षवलयं मोजली तर सगळ्यात जुना ओंडका निघाला १८४८ चा. शिवाय स्मारकात मावावी आणि माणसांना भोवती फिरता यावं म्हणून झोपडी कापून लहान केलेली. आता तिला 'प्रतीकात्मक' म्हणतात. त्या मानाने वॉकर बहिणींचं घर जिथे होतं तिथेच, जसं होतं तसंच आहे. ही गोष्ट साधी नाही.

नवखा_प्रवासी

लिंकनचं असं निघालं?? आम्ही तिथे डोकं टेकवून फोटो काढलाय.

पुस्तकी_किडा

टेकवलेलं डोकं परत मिळत नाही. :)

आज्जीचा_बटवा

मला या बायका रोज करायच्या काय, ते हवंय. इतिहासात करारच फार असतात.

आडवाट

@आज्जीचा_बटवा, काय नव्हत्या करत ते विचारा! मेंढ्या पाळायच्या, लोकर कातरायची, पिंजायची, सूत काढायचं, मागावर विणायचं. थोडा कापूसही लावायच्या. सरकी काढायचं छोटं यंत्र बापाने घरीच बनवलेलं. बाप सुतार, लोहार, जातंवाला, सगळंच. अंगणाभोवती त्याने फळझाडं लावली होती, सफरचंदाच्याच वीसहून जास्त जाती, शिवाय पीच, चेरी, आलुबुखार, द्राक्षं. मका, बटाटे, कांदे, घेवडे, डुकरं, कोंबड्या. त्यांचं एक म्हणणं प्रसिद्ध आहे: आमची जमीन आम्हाला सगळं देते, चार गोष्टी सोडून. साखर, सोडा, कॉफी आणि मीठ.

आईला हे वाचून दाखवलं. तिचं पहिलं वाक्य: "कॉफी नसती तरी चाललं असतं. मिठाचं काय करत असतील, पावसाळ्यात खाली कोण उतरत असेल?" आमच्या आजोळी, देवरुखच्या बाजूला, वाडीवर मीठ-रॉकेल-काड्यापेट्या असं त्रिकूट होतं.

सडाफटिंग

आणि इथून सुरू होतं स्वप्नरंजन. अहो, गरिबी होती ती. रस्ता नाही, दवाखाना नाही, वीज नाही. लग्न न झालेल्या बायकांनी राबून काढलेलं आयुष्य. आपण एसी गाडीतून उतरून "किती साधं, किती छान" म्हणायचं.

आज्जीचा_बटवा

@सडाफटिंग, थांबा. लग्न न होणं म्हणजे दुर्दैवच, असं तुम्ही धरून चाललात. १९२१ नंतर त्या घराला पुरुष मालक नाही. सव्वाशे एकर जमीन बायकांच्या नावावर, बायकांच्या हातात. त्यांनी ठरवलं तर सरकारसुद्धा वाट बघत थांबलं. माझ्या आजीच्या नावावर तिच्या नथीशिवाय काही नव्हतं, आणि नथही मोठ्या सुनेला द्यायची आधीच ठरलेली होती. राबणं दोघींचंही होतं.

सडाफटिंग

हा मुद्दा मान्य. (हे मी वर्षातून एकदाच लिहितो, स्क्रीनशॉट घ्या.)

कोयनाकाठ

बरेच दिवस फक्त वाचत होतो, आज लिहायला बसलो. आमचं मूळ गाव चांदोलीच्या जंगलातलं. अभयारण्य १९८५ चं, राष्ट्रीय उद्यान २००४ मध्ये झालं. आमच्या घरच्यांना खाली सपाटीवर आणलं. आता तो सगळा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. वनखात्याची परवानगी काढून आम्ही वर्षातून एकदा ग्रामदेवतेला जातो. देऊळ आहे. घरांची जोती आहेत. जोत्यांतून आंबा-फणस वर आलेत. आमच्या उंबऱ्याचा दगड मला दाखवावा लागत नाही, पाय आपोआप थांबतो.

तुमचा धागा वाचून एकच प्रश्न पडला. त्या बायकांना मरेपर्यंत राहायची मुभा मिळाली ती कशामुळे? आमच्याकडे म्हाताऱ्यांनी असं विचारलंही नसेल असं नाही.

आडवाट

@कोयनाकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बाबांना वाचून दाखवला, तेही गप्प झाले.

उत्तर माझ्यापरीने. राहायची मुभा त्यांना एकट्यांनाच मिळाली असं नाही. पार्कची जमीन टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांनी खासगी मालकांकडून विकत घेऊन केंद्राला दिली. पैसा राज्यांचा, लोकवर्गणीचा (शाळेतल्या पोरांनी दिलेली नाणीसुद्धा त्यात होती) आणि मोठा हिस्सा उद्योगपती रॉकफेलरच्या पन्नास लाख डॉलरच्या देणगीचा. शेतकरी आणि लाकूड कंपन्या मिळून हजाराहून जास्त मालक होते. कमी पैसे घेतले तर भाडेपट्ट्यावर राहू देण्याची सोय काहींना मिळाली. पण तिथेही पंक्तिभेद होताच. पार्कमधल्याच एल्कमाँटमध्ये नॉक्सव्हिल शहरातल्या श्रीमंतांची उन्हाळी घरं होती. त्यांचे पट्टे वाढत वाढत १९९२ पर्यंत चालले! शेतकऱ्यांपैकी बरेच १९३० च्या दशकातच बाहेर.

वॉकर बहिणींच्या बाजूने त्यांचं वय होतं, हट्ट होता, आणि या बायकांना पोलीस घालून बाहेर काढलं तर कसं दिसेल याची पार्कला असलेली धास्तीही असणार. हा माझा अंदाज. तरी मुभा म्हणजे पहिल्यासारखं जगणं नव्हे. शिकार बंद, मासेमारी बंद, लाकूडतोड बंद, गुरं चारणं बंद. घर तुमचं, जंगल आमचं.

कोयनाकाठ

शेवटचं वाक्य आमच्याकडे कुणी लिहून दिलं नव्हतं, पण पाठ होतं.

रानवाटा

दोन्ही बाजू बघणं भाग आहे, म्हणून लिहिते (वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, मार खायला तयार). पार्क आलं नसतं तर तिथे बहिणींचं रान टिकलं असतं का? लिटल रिव्हर लंबर कंपनी १९०० च्या सुरुवातीपासून त्याच नदीच्या खोऱ्यात रेल्वे टाकून डोंगर बोडके करत होती. ज्या एल्कमाँटबद्दल आडवाट लिहितात ते मुळात या कंपनीचंच गाव. आज त्या कच्च्या रस्त्याने चालताना जे 'अरण्य' दिसतं ते बरंचसं गेल्या शंभरेक वर्षांत पुन्हा उगवलेलं आहे. लिटल रिव्हरकाठचा पार्कचा गाडीरस्ता आहे ना, तो बराचसा त्या रेल्वेच्या जुन्या मार्गावरूनच जातो.

आणि एक झाड परत आलं नाही: अमेरिकन चेस्टनट. परदेशातून आलेल्या बुरशीने विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात ते संपवलं. या डोंगरातल्या माणसांचं ते कल्पवृक्षासारखं झाड होतं. फळं खायची, विकायची, डुकरं त्यावर पोसायची, लाकूड कुंपणाला, छपराला, कारण सहसा कुजत नाही. जमीन सरकारने घेतली ते सगळे लिहितात. त्याच वीस-तीस वर्षांत झाडही गेलं. गाव उठण्याआधी पोट उठलं होतं.

गवंडीकाम

+१. त्या भागातल्या जुन्या कुंपणांत आणि कणग्यांत चेस्टनट अजून सापडतं. दुरुस्तीला मात्र नवं मिळत नाही, दुसरं काहीतरी लावावं लागतं.

पडवीतला_झोपाळा

दुरुस्तीवरून आठवलं, मध्ये हे घर बंद होतं ना? आम्ही गेलो तेव्हा भोवती कुंपण होतं.

गवंडीकाम

हो, २०२१ मध्ये बंद केलं होतं. धुरांड्याला तडे गेले होते आणि त्यामागची भिंत हलली होती. पार्कच्या वारसा-जतन पथकाने धुरांड्याचे दगड पुन्हा बसवले, सांधे भरले, भिंतीला आधार दिला आणि मग घर उघडलं. कामाचा पैसा बराचसा देणग्यांतून आला. दगडी धुरांडं म्हणजे घराचं सगळ्यात जड अंग. खालची जमीन जराशी खचली की पहिलं तेच बोलतं. आपल्याकडच्या वाड्यांच्या बुरुजांचंही तेच.

चिमणचारा

फोटो आले! सातव्या फोटोत आई पाण्यात हात घालून बसल्यात तो फार आवडला.

पण एक विचारायचं होतं. या बहिणी इतक्या आडबाजूला राहायच्या, मग प्रसिद्ध कशा झाल्या?

आडवाट

एप्रिल १९४६ मध्ये 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या मासिकवजा साप्ताहिकात त्यांच्यावर सचित्र लेख आला. घरोघरी जाणारं साप्ताहिक. झालं, लोक यायला लागले. पार्कनेही रस्त्यावर पाटी लावली. बहिणींनी सुरुवातीला आनंदाने स्वागत केलं. सफरचंदाचं सारण भरून तळलेले 'पाय' (आपल्या करंजीसारखे), विणलेले रुमाल, लाकडी खेळणी, असं काय काय करून पडवीत विकायच्या. लुईझा कविता करायची. घर-डोंगरावरच्या, जमीन गेल्याच्या. त्या हाताने लिहून विकायची.

पुढचा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो. पॉली आणि हेटी चाळीसच्या दशकात गेल्या, मार्था १९५१ मध्ये. उरल्या मार्गारेट आणि लुईझा. १९५३ मध्ये त्यांनी पार्कच्या अधीक्षकांना पत्र लिहिलं. मूळ पत्रातलं स्पेलिंग मोडकं, पण म्हणणं स्वच्छ: महामार्गावरची वॉकर बहिणींची पाटी कृपा करून काढा. इथे आता दोघीच राहतो, एक सत्तर वर्षांची, दुसरी ब्याऐंशीची. एवढे पाहुणे आले तर आमची कामं होत नाहीत. आणि पूर्वीसारख्या विकायच्या वस्तूही करवत नाहीत, लोक मात्र अपेक्षेने येतात.

दारी आलेला रिकाम्या हाती जाईल याची लाज त्यांना वाटत होती. तक्रारीपेक्षा ते जास्त दिसतं मला.

आज्जीचा_बटवा

"आता करवत नाही." माझ्या आजीचं दिवाळीच्या फराळाबद्दलचं शेवटचं वाक्य.

नवखा_प्रवासी

घरातलं सामान आहे का तिथे? भांडी, माग वगैरे?

आडवाट

नाही, घर रिकामं आहे. फरशीच्या जागी फळ्या, शेकोटीची कमान, भिंती, बस. सामान पार्कने घेतलं आणि आता टाउनसेंड गावातल्या पार्कच्या जतन केंद्रात तापमान सांभाळून ठेवलंय. त्याने ते टिकेल हे खरं. पण बाबा आत उभे राहून मोजत होते, "तेरा माणसं. इथे?" खोली एक, वर माळा, मागे नंतर जोडलेलं स्वयंपाकघर. आईने शेकोटीत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "राख नाही." चूल बघायची तर राख बघायची, हा तिचा हिशेब.

सडाफटिंग

आईंना सभासद करून घ्या.

चिमणचारा

आम्ही नाताळच्या सुट्टीत जायचं म्हणतोय. दोन पोरं, एक चार वर्षांचं. जमेल का? प्रवेश फी किती?

आडवाट

प्रवेश फी नाही. टेनेसीने पार्कमधून जाणारा मुख्य रस्ता केंद्राला देताना टोल न घेण्याची अट घातली होती, तिचा फायदा आपण अजून खातोय. मात्र मार्च २०२३ पासून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गाडी लावायची तर पार्किंग टॅग लागतो: दिवसाचा पाच डॉलर, आठवड्याचा पंधरा, वर्षाचा चाळीस. आधीच छापून काचेला लावा, तिथे नेटवर्क नसतं.

मेटकाफ बॉटम्सला गाडी लावा. जाऊन-येऊन साडेतीन मैलांच्या आसपास. चढ सौम्य आहे. चार वर्षांचं पोर जाताना धावेल, येताना खांद्यावर बसेल. शाळेपर्यंत गाडी जाते, पण रस्ता अरुंद आणि समोरून कुणी आलं की मागे मागे यावं लागतं. बाबांनी तसं करायला लावलं होतं, त्याबद्दल घरी अजून बोलणं चालू आहे. डिसेंबरात बर्फ पडलं तर रस्ते बंद होतात, सकाळी पार्कच्या साइटवर बघून निघा.

पाणी घरून न्या. झऱ्याचं पाणी न उकळता पिऊ नका. आईलाही मी नुसता हातच घालू दिला, आणि तिथेच आमचं भांडण झालं.